गांधीजींनी कच्च्या अन्नाचा प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि पुन्हा पुन्हा सोडला, त्याचीच ही गोष्ट

आजकाल इन्स्टाग्राम उघडलं की एक तरी रील अशी येतेच. समोर काचेचा मोठा वाडगा, त्यात मोड आलेले मूग, काकडी, पालक, भिजवलेले बदाम. आणि सांगणारा सांगत असतो की गेले २१ दिवस गॅस पेटवलेलाच नाही, आयुष्यच बदलून गेलं.

२२ व्या दिवशी काय झालं, ते मात्र कुणी दाखवत नाही.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने हाच प्रयोग केला आणि तो फसल्याचं रोजच्या नोंदींसकट छापून मोकळा झाला. नाव, मोहनदास करमचंद गांधी. आपल्याला गांधीजींचे उपास माहीत असतात, शेळीचं दूध माहीत असतं. पण कच्चं खाण्याच्या नादापायी त्यांचे दात दुखले होते, आणि साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा तोच प्रयोग करून आजारपण ओढवून घेतलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

चोरून खाल्लेलं मटण आणि आईला दिलेला शब्द

पोरबंदरचं वैष्णव घर. मांसाहाराचं नावही निघत नसे. शाळेत असताना एका मित्राने मोहनदासच्या डोक्यात भरवलं की इंग्रज मांस खातात म्हणून ताकदवान आहेत आणि आपण खात नाही म्हणून गुलाम आहोत. पोराला ते पटलं. नदीकाठी एकांत शोधून पाव आणि बोकडाचं मटण खाल्लं. त्या रात्री झोप लागेना, पोटात जिवंत बोकड ओरडतोय असं वाटत राहिलं. तरी वर्षभरात पाच-सहा वेळा असा बेत झाला. शेवटी आईवडिलांशी खोटं बोलावं लागतं, हे सहन होईना म्हणून त्यांनी ते बंद केलं.

४ सप्टेंबर १८८८ ला ते मुंबईहून बोटीने विलायतेला निघाले, त्याआधी आईला शब्द दिला होता. दारू, परस्त्री आणि मांस यांना शिवणार नाही.

लंडनमध्ये या शब्दाने हाल केले. घरमालकीण काय देणार, तर उकडलेली बेचव भाजी आणि पावाचे दोन तुकडे. मागायला संकोच वाटायचा. पोट कधी भरायचंच नाही. रोज दहा-बारा मैल पायपीट करून स्वस्त खानावळी शोधायच्या, पाव खाऊन परत यायचं. असंच फिरताना एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडलं. दारातच पुस्तकं विकायला होती. हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक त्यांनी एक शिलिंगला घेतलं आणि मग आत जाऊन विलायतेत आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

त्या पुस्तकाने एक गोष्ट झाली. आतापर्यंत ते आईच्या शब्दाखातर शाकाहारी होते, आता स्वतःच्या मनाने झाले. आणि आहारावर प्रयोग करायची चटक लागली ती तिथेच. घरून मागवलेले मसाले, मिठाया बंद. मसाल्याशिवाय नुसता उकडलेला पालक खाऊन बघितला, तर तोही गोड लागायला लागला. चव जिभेपेक्षा मनात असते, हा त्यांचा निष्कर्ष तेव्हाचा.

प्रिटोरिया, १८९३ : दोन चमचे गहू आणि ४५ मिनिटं

लंडनच्या शाकाहारी मंडळाचे अध्यक्ष होते अर्नोल्ड हिल्स. थेम्स आयर्नवर्क्स या जहाज बांधणाऱ्या कंपनीचे मालक. याच कंपनीच्या कामगारांचा फुटबॉल संघ पुढे वेस्ट हॅम युनायटेड म्हणून नावारूपाला आला. तर या हिल्स यांचं एक मत होतं. धान्य, फळं, कवचाच्या बिया यांत सूर्याची जीवनशक्ती साठलेली असते आणि विस्तवावर ठेवलं की ती मरते. म्हणून अन्न शिजवूच नये. या आहाराला त्यांनी नाव दिलं होतं व्हायटल फूड, म्हणजे आपल्या भाषेत जिवंत अन्न. थोडक्यात काय, आज रीलमध्ये जे ऐकतो ते तेव्हाही असंच सांगितलं जात होतं.

गांधीजींनी बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईत आठवडाभर हा आहार करून पाहिला. त्रास झाला नाही. पण घरी येणारी-जाणारी माणसं, त्यांचं जेवणखाण, यात तो सुटला.

मग ते दक्षिण आफ्रिकेला गेले. ७ जून १८९३ च्या रात्री पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनवर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून बाहेर काढलं, तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर अडीच महिन्यांनी प्रिटोरियात हा २३ वर्षांचा वकील रात्री गहू, वाटाणे आणि तांदूळ भिजत घालत होता, हे मात्र शाळेच्या पुस्तकात नसतं.

२२ ऑगस्ट १८९३. प्रयोगाचा पहिला दिवस. सकाळच्या न्याहारीला दोन चमचे गहू, एक चमचा वाटाणे, एक चमचा तांदूळ, दोन चमचे बेदाणे, सुक्या मेव्याचे वीसेक छोटे दाणे, दोन संत्री आणि एक कप कोको. सगळं चावून संपवायला ४५ मिनिटं लागली. सकाळी तरतरी होती. संध्याकाळी मरगळ आली आणि डोकं जड झालं. हे सगळं त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवसाची नोंद अशी की आदल्या संध्याकाळी भूक लागली म्हणून थोडे वाटाणे खाल्ले, त्याने झोप नीट लागली नाही आणि तोंडाची चव गेली.

पुढे हे वाढतच गेलं. थकवा येऊ लागला. मधेच एका संध्याकाळी तय्यबशेठ यांच्याकडे भात, शेवया आणि बटाटे खाल्ले, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. आज आपण त्याला चीट मील म्हणतो. मग दात दुखू लागले. भिजवलेला असला तरी कच्चा गहू तो कच्चा गहू. १ सप्टेंबरला सकाळी उठल्यावरच गळून गेल्यासारखं वाटत होतं आणि दातांच्या दुखण्याने कहर केला होता. त्याच दिवशी बेकर या वकील मित्राच्या वाढदिवसानिमित्त चहा झाला आणि त्या चहाने जिवात जीव आला.

२ सप्टेंबरला ओटची लापशी, पाव, लोणी, जॅम आणि कोको असा नेहमीचा नाश्ता केला. एकदम बरं वाटलं. प्रयोग संपला. जेमतेम ११ दिवस.

आता इथे दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. ज्या मंडळाच्या अध्यक्षांचा हा सिद्धांत, त्याच मंडळींच्या द व्हेजिटेरियन या साप्ताहिकात गांधीजींनी आपली ही सगळी रोजनिशी पाठवली. ती २४ मार्च १८९४ च्या अंकात छापून आली. शेवटी त्यांनी आपलं मतही दिलं. या आहारात शक्यता असतील, पण त्याने माणूस अमर होणार नाही, बहुसंख्य लोक स्वयंपाक सोडतील असं दिसत नाही, आणि आत्म्याची भूक काही अशा अन्नाने भागत नाही.

दुधाचा त्याग आणि गोखल्यांची विनवणी

पुढची वीस वर्षं दक्षिण आफ्रिकेत लढा चालला आणि सोबत ताटावरचे प्रयोगही. १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडलं. एक कारण ब्रह्मचर्याचं होतं. दुसरं कारण, जास्त दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणाऱ्या फुंक्यासारख्या क्रूर प्रकारांचं त्यांनी केलेलं वाचन. थोड्याच दिवसांत धान्य शिजवणंही बंद. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबं आणि ऑलिव्हचं तेल, एवढ्यावर ते काही वर्षं राहिले. गरिबातल्या गरिबाला परवडेल असा आहार शोधायचा, हा त्यामागचा विचार.

१९१४ मध्ये ते लंडनला पोचले तेव्हा पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. तिथे त्यांना प्लुरसी झाली, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाला सूज. डॉक्टर जीवराज मेहता दूध घ्या म्हणून मागे लागले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा लंडनमध्येच होते. गांधीजी त्यांना गुरू मानत. गोखल्यांनीही आग्रह धरला की डॉक्टर सांगतील ते खा. गांधीजींनी विचार करायला २४ तास मागितले, रात्रभर विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन नम्रपणे सांगितलं की बाकी सगळं ऐकेन, दूध घेणार नाही. गोखल्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी पुन्हा जबरदस्ती केली नाही.

दुखणं हटेना तेव्हा डॉक्टर ॲलिन्सन या शाकाहारी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, कोंड्यासकट पिठाचा पाव खा आणि बीट, मुळा, कांदा अशा भाज्या कच्च्याच, हव्या तर किसून खा. म्हणजे पुन्हा कच्चं! गांधीजींनी तीनेक दिवस ते केलं. मानवलं नाही. त्या अशक्त शरीरात कच्च्या भाज्यांची त्यांना भीतीच वाटू लागली होती.

कस्तुरबांनी काढलेली वाट

घरातल्या माणसांवर या सगळ्याचा काय परिणाम होत असेल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. एक प्रसंग पुरेसा आहे. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी होत्या. मीठ आणि डाळी सोड म्हणून गांधीजी मागे लागले. कस्तुरबा वैतागून म्हणाल्या की तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्हाला तरी जमलं असतं का? गांधीजींनी त्याच क्षणी वर्षभरासाठी दोन्ही सोडल्याचं जाहीर केलं. बाई रडायला लागल्या. शब्द मागे घ्या म्हणाल्या. पण गांधीजींनी शब्द मागे घेतला नाही.

याच कस्तुरबांनी पुढे त्यांचा जीव वाचवणारी वाट दाखवली.

१९१८ साल. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट सुरू होती. खाणं म्हणजे शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू. पोट आधीच बिघडलेलं. त्यात एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी तुपाऐवजी तेल घालून गव्हाची गोड लापशी केली आणि वाटीभर मूग ठेवले. गांधीजींना मोह आवरला नाही. तासाभरात आमांशाने असं गाठलं की पुढे आपण वाचत नाही असं त्यांना वाटू लागलं. औषध घ्यायला नकार, दुधाला नकार. हवापालटासाठी माथेरानला नेलं, पण तिथेही त्रास वाढलाच. मुंबईत डॉक्टर दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि स्वच्छ सांगितलं की दुधाशिवाय हे शरीर भरून येणार नाही.

गांधीजी व्रताकडे बोट दाखवत होते. व्रत घेताना मनात काय होतं, याची चौकशी झाली. त्यांनी सांगितलं की गाई-म्हशींवरचा अत्याचार. शेजारी उभ्या कस्तुरबा पटकन म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे?

गांधीजींनी ते ऐकलं. जानेवारी १९१९ मध्ये शेळीचं दूध सुरू झालं. रौलट विधेयकं समोर होती, लढा उभा करायचा होता आणि त्यासाठी जगायचं होतं. पण व्रताचे शब्द पाळले आणि अर्थ सोडला, ही टोचणी त्यांना कायम राहिली. आपल्या आत्मकथेत त्यांनी ती उघड लिहिली.

साठीत पुन्हा एकदा : ८ तोळे गहू, ८ तोळे बदाम

ही टोचणी लक्षात ठेवा, कारण १९२९ च्या प्रयोगामागे तीच होती. दुधाला पर्याय सापडला तर हवाच होता.

त्या वर्षी आंध्रच्या दौऱ्यात राजमहेंद्रीचे सुंदरम् गोपालराव भेटले. निसर्गोपचार करणारे आणि न शिजवलेल्या अन्नाचे पुरस्कर्ते. मे महिन्यात गांधीजींनी पुन्हा सुरुवात केली. साबरमती आश्रमातलेही काही जण सामील झाले.

या वेळचा आहार प्रिटोरियापेक्षा बराच विचार करून ठरवलेला होता. दिवसाला ८ तोळे मोड आलेले गहू, ८ तोळे वाटलेले बदाम, ८ तोळे वाटलेला हिरवा पाला, ६ लिंबं आणि २ औंस मध. एक तोळा म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम, म्हणजे गहू ९० ग्रॅमच्या आसपास. आठवड्यातून दोन-तीनदा गव्हाऐवजी मोड आलेले हरभरे. जेवणं दोनच, सकाळी ११ ला आणि संध्याकाळी सव्वासहाला. विस्तव लागायचा तो फक्त पाणी उकळायला. दात दुखू नयेत म्हणून सगळं वाटून घेण्याची सोय होती.

त्यांना यात मोठं स्वप्न दिसत होतं. चूल पेटवायची गरज उरली नाही तर सरपण वाचेल, वेळ वाचेल, बाईची स्वयंपाकघरातून सुटका होईल, दुधासाठी जनावराला त्रास होणार नाही. १३ जूनच्या यंग इंडियात त्यांनी या प्रयोगाची सविस्तर माहिती दिली. जूनअखेर ते हिमालयात कौसानीला होते, तिथे गीतेच्या अनुवादाची प्रस्तावना लिहीत होते. प्रयोग तिथेही चालूच होता.

ऑगस्टमध्ये आमांशाने पुन्हा गाठलं.

गांधीजींनी प्रयोग थांबवला, शेळीच्या दुधावर परत आले आणि हेही यंग इंडियातून जाहीर केलं. त्यांचं बघून ज्यांनी हा आहार सुरू केला होता, त्यांनाही सांगितलं की मानवत नसेल तर सोडा आणि दूध घ्या. विचार करा, देशभरातले लोक ज्यांचं बघून खाणंपिणं बदलत होते, तो माणूस छापून सांगतोय की माझं जमलं नाही.

मग विज्ञान काय म्हणतं?

कच्च्या धान्यातला स्टार्च आपल्या पोटातल्या पाचकरसांना फोडायला अवघड जातो. शिजवल्यावर तो फुगतो, मऊ होतो आणि सहज पचतो. मोड आणल्याने थोडं काम सोपं होतं, पण शिजवल्याइतकं नाही. राजमा तर कच्चा खाल्ला तर चक्क विषबाधा होते. पालेभाजीवर माती, जंत आणि जंतू असू शकतात, पावसाळ्यात जास्तच. शिजवल्याने ते मरतात.

दुसरी बाजूही खरी आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून थोडी कच्ची भाजी, फळं, लिंबू रोज पोटात जाणं चांगलंच.

आणि दुधाचं काय? ब-१२ हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातून मिळतं, वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं १९४८ मध्ये. म्हणजे गांधीजी आयुष्यभर झाडपाल्यात दुधाचा पर्याय शोधत होते, आणि दुधात असं काय आहे जे पाल्यात नाही, त्याचा एक भाग समजला तो त्यांच्या मृत्यूच्या वर्षी.

आगाखान पॅलेस ते बिर्ला हाऊस

१९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत ठेवलं. तिथे त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात बैठं काम करणाऱ्या माणसाने दिवसभरात काय खावं, याचं प्रमाण दिलं आहे. गाईचं दूध २ पौंड, धान्य ६ औंस, पालेभाज्या ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, आणि ऐपतीप्रमाणे फळं.

आणि कच्ची भाजी? १ औंस. म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास.

अर्धशतकभर ज्याच्यामागे धावले, त्याचा हिशेब शेवटी एवढा उरला. नीट बघितलं तर ही आपल्या ताटातली डावी बाजू आहे. चमचा-दोन चमचे कोशिंबीर, लिंबाची फोड, भाकरीबरोबर कांदा किंवा मुळा. आपल्या आज्यांनी ते कुठलाही सिद्धांत न मांडता तिथे वाढून ठेवलं होतं.

३० जानेवारी १९४८. दिल्लीतल्या बिर्ला हाऊसमध्ये वल्लभभाई पटेल बोलायला आले होते. दुपारी साडेचारच्या सुमाराला आभाने जेवण आणून ठेवलं. शेळीचं दूध, शिजवलेल्या भाज्या, कच्च्या भाज्या, संत्री, आणि आलं-लिंबू-तूप-कोरफडीचं मिश्रण. बोलता बोलता ते जेवले आणि प्रार्थनेला निघाले. ते त्यांचं शेवटचं जेवण ठरलं.

त्या ताटात शिजवलेलं होतं, कच्चंही होतं, आणि ज्या दुधावरून आयुष्यभर मनाशी भांडण झालं ते दूधही होतं.

त्यामुळे उद्या तुम्हाला एखादी रील बघून खाणं बदलावंसं वाटलं, तर जरूर बदला. आजारी असाल, औषधं चालू असतील, गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सोबत एक वही ठेवा. काय खाल्लं, झोप कशी लागली, संध्याकाळी थकवा आला का, तय्यबशेठकडच्या शेवया चोरून खाल्ल्या का, सगळं खरं खरं लिहा. ११ व्या दिवशी दात दुखायला लागले, तर लापशी खाऊन मोकळे व्हा. गांधीजींनी तेच केलं होतं.

तुम्ही कधी असा प्रयोग केलाय का? कितव्या दिवशी सुटला, ते कमेंटमध्ये नक्की सांगा.